खालचा पेड

दर मंगळवारी संध्याकाळी सातला
ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसात
टेबलटेनिसचं टेबल भिंतीला सरकवून
आम्ही एकोणीस बायका उभ्या राहतो.
कधी पोरं टेबल सोडत नाहीत,
मग टक-टुक, टक-टुक,
आमच्या तालाशी भांडत चेंडूही गातो.
खिडकी उघडली की रबाळ्याकडचा वास,
लावली की घाम.

ॲग्नेला मिस म्हणतात, ओठ 'ऊ'चे ठेवा
आणि आत 'ई' म्हणा.
गरम चहावर फुंकर घालता ना, तसे ओठ.
एकोणीस बायका
नसलेल्या बशांवर फुंकर घालतात.
आधी भागीरथी मढवी हसते, मग सगळ्याच,
आणि मिस घड्याळाकडे बघतात.

गाणं जर्मनीतल्या कुठल्याशा डोंगराकडचं.
कुणी रचलं, माहीत नाही.
पुढे कुणीतरी त्याचे तीन पेड करून
बायकांच्या गळ्यांसाठी वेणी घातली.
एक पोर मिठाच्या गाडीमागून चालते.
भाऊ खाणीत गेलाय.
वाटेतल्या बदकांना विचारते, पाहिलात का?
बदकं काही बोलत नाहीत.
कडवी चार.

मिसनी अर्थ सांगितला तेव्हा भागीरथी म्हणाली,
हे सेक्टर नव्हते तेव्हा
खाडीला लागून आमच्या बापाचं मिठागर होतं.
तळव्याच्या भेगांत मीठ जायचं,
आई रात्री खोबरेल चोळायची.
त्या दिवशी तिची 'ई'
कुणी न सांगता 'ऊ'त जाऊन बसली.

मी अल्टो. खालचा पेड.
सहावीत, स्नेहसंमेलनाच्या स्वागतगीताला
टिपणीसबाई कानाशी येऊन म्हणाल्या होत्या,
तू नुसते ओठ हलव गं, आवाज बाप्यासारखा येतोय.
हलवले.
पुढेही हलवत राहिले,
आरत्यांत, डोहाळजेवणांत,
बँकेच्या निरोपसमारंभात, जो माझाच होता.

आता मिस म्हणतात, तुम्ही सरकलात तर
वरच्या सगळ्या पडतील.
मला अकरा मात्रा एकच सूर,
मग एक पायरी खाली,
पुन्हा वर, त्याच उंबऱ्यावर.
एकटीने म्हटलं तर गाणं वाटतच नाही.
हे विचारतात, फ्रिज वाजतोय का?

मी तळमजल्याच्या गॅलरीत म्हणते.
गॅलरीखाली केवळाबाईचं इस्त्रीचं टेबल.
वर्षभर तिने तेवढंच ऐकलं,
कोळशाच्या वासात, कॉलरी दाबताना:
अकरा मात्रा, एक पायरी, पुन्हा उंबरा.

डिसेंबरात कार्यक्रम झाला, सोसायटीच्याच हॉलमध्ये.
खुर्च्या दीडशे, माणसं साठ,
त्यातली निम्मी आमच्याच घरची.
पहिल्या रांगेत कुणाचं तरी बाळ रडलं,
बरोबर बदकांच्या ओळीवर,
आणि कुणालाच ते चुकीचं वाटलं नाही.
तिसऱ्या कडव्यात वरच्या बायका अडखळल्या.
दोन मात्रा,
फार तर अडीच,
हॉलमध्ये फक्त आम्ही होतो, खालच्या,
आमचा उंबरा धरून.
मिसचे हात थांबले नाहीत.
वरच्या आल्या, चपला काढून आत यावं तशा,
आणि गाणं पुढे गेलं.

दुसऱ्या दिवशी कपडे आणायला गेले
तर केवळाबाई म्हणाली, आले होते मी, मागं उभी होते.
गाणं चांगलं झालं तुमचं.
पण त्या बाकीच्या बाया मधे मधे
किती गलका करत होत्या!
ऐकूच येईना तुमचं नीट.
त्या थांबल्या जराशा, तेव्हा कुठं आलं.

मी काही बोलले नाही.
साड्या मोजल्या. एक कमी होती.
सापडेल, म्हणाली,
आणि इस्त्री उचलून गुणगुणू लागली,
माझा सूर, माझीच पायरी,
आणि सातव्या मात्रेवर श्वास,
तिथेच, जिथे मिसची नजर चुकवून
मी तो घेते.